सातव्या मडक्यातील मुळी

पूर्वी मंदावती नदीच्या काठी वेणुकंठ नावाच्या नगरात पुष्यमान राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आले होते. उभा जन्म रोग्यांच्या उशाशी काढल्यावर उतारवयात ते राजाच्या वैद्यशाळेचे प्रमुख झाले. लोक त्यांना आचार्य क्षेमंकर म्हणत.

या वैद्यशाळेत सात वर्षे शिकल्यावर विद्यार्थ्याची एकदाच परीक्षा होई. बागेतल्या करंजाच्या सावलीत एकवीस मडकी ओळीने मांडली जात. प्रत्येक मडक्यात एखादी मुळी, साल, बी किंवा वाळलेले पान असे आणि वर फडके बांधलेले असे. विद्यार्थ्याने फडके सोडायचे, वस्तू हातात घ्यायची, मोडून पाहायची, हुंगायची, गरज पडली तर जिभेच्या टोकाला लावायची आणि तिचे नाव, गुण, प्रमाण आणि उतारा सांगायचा. एकवीसही बरोबर आली तर आचार्य स्वतःच्या हाताने त्याला तांब्याची मुद्रा देत. गळ्यात ती मुद्रा असलेल्या माणसाने पुढे केलेला काढा राज्यातला कोणीही काही न विचारता पीत असे.

मडक्यांत काय ठेवायचे ते आचार्य ठरवीत. ती भरून ओळीने मांडण्याचे काम उपाध्याय शोणदत्ताकडे होते. या दोघांखेरीज तो क्रम कोणालाही ठाऊक नसे.

शोणदत्त बावीस वर्षे या शाळेत शिकवीत होता. तो मनाने वाईट नव्हता. बोटांनी चाचपून साल ओळखावी ती त्यानेच. पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन रान तुडवायचे, चिखलात बसून त्यांच्याकडून कंद उकरून घ्यायचे, हे सगळे तो मनापासून करी. पण आचार्य आता थकले होते, आणि त्यांच्यानंतर त्या आसनावर कोण बसणार हा विचार गेली दोन वर्षे त्याचा पिच्छा सोडत नव्हता. बायको सुलसा हिच्याजवळदेखील तो हे एकदाच बोलला होता. ती म्हणाली होती, "तुमच्याशिवाय आहे कोण?" त्याला मात्र तशी खात्री वाटत नव्हती. आचार्य नेमणे राजाच्या हाती होते आणि राजा चालत होता अमात्य विद्रुमाच्या सल्ल्याने.

विद्रुमाचा मुलगा चारुक त्या वर्षी परीक्षेला बसणार होता. गोड गळ्याचा, हसरा तरुण. कोणाचे वाईट चिंतणारा नव्हता, पण सात वर्षांत त्याचा पाय बागेत फारसा टिकला नव्हता. रानात जायचे ठरले की त्याचे डोके दुखे.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना अमात्याने खांदा दुखतो म्हणून शोणदत्ताला वाड्यावर बोलावले. शोणदत्ताने तेल लावून खांदा चोळायला घेतला. खांद्याला काही झाले नव्हते, हे त्याच्या बोटांना लगेच कळले.

"उपाध्याय," अमात्य डोळे मिटूनच म्हणाला, "राजे परवा विचारत होते, क्षेमंकरांनंतर कोण? मी म्हटलं, माणूस समोर आहे, शोधायला कुठे जायचं?"

शोणदत्ताचे हात क्षणभर थांबले.

"आमचा चारुक जरा घाबरट आहे," अमात्य पुढे म्हणाला. "येतं सगळं, पण मडक्यांसमोर उभा राहिला की विसरतो. तुम्ही त्याला थोडा धीर द्या. एवढंच."

एवढेच. अमात्याने याहून एक शब्द जास्त उच्चारला नाही. शोणदत्त घरी आला तो वाटेत स्वतःची समजूत घालीतच. चारुकाला औषधे येत असतील तर क्रम कळल्याने काय बिघडते? आणि येत नसतील तर अमात्याचा मुलगा कुठे रोगी तपासत फिरणार आहे? तो बापाच्या शेजारी दरबारात बसेल. कोणाचे काय जाणार?

दोन दिवसांनी बागेत चारुकाबरोबर फिरताना त्याने एकवीस नावे ओळीने सांगितली. सातवे अतिविष, बारावे लोध्र, एकविसावे मदनफळ. चारुकाने ती ऐकली आणि घोकण्याचा कंटाळा म्हणून त्यांना एक चाल लावली. चाल सुरेख होती. मित्रांनी विचारले, हे काय गुणगुणतोस? त्याने सांगून टाकले. परीक्षेच्या दिवशी एकोणीस विद्यार्थ्यांपैकी अकरा जणांच्या ओठांवर तीच चाल होती.

शोणदत्ताला हे ठाऊक नव्हते. ते त्याला करंजाखाली कळले.

पहिला विद्यार्थी मडक्यांसमोर आला. त्याने फडके सोडले, मुळी हातात घेतली आणि तिच्याकडे न बघता वर आभाळाकडे बघत नाव सांगितले. दुसऱ्यानेही तसेच केले. तिसरा चालता चालता गुणगुणत होता. आणि सहाव्याने बाराव्या मडक्याचे फडके सोडण्याआधीच म्हटले, "लोध्र."

आचार्य क्षेमंकरांनी बांधलेल्या फडक्याकडे पाहिले. मग त्या मुलाकडे पाहिले. मग मान वळवून एकदाच शोणदत्ताकडे पाहिले आणि पुन्हा समोर बघू लागले. उरलेली परीक्षा त्याने कशी पाहिली ते त्याचे त्याला माहीत. प्रामाणिकपणे शिकलेली आठ मुले मुळ्या मोडत होती, हुंगत होती, अडखळत होती, आणि त्यांचे ते अडखळणे त्याला जास्तच बोचत होते. शेवटी एकोणीसही जणांची एकवीस मडकी बरोबर आली, चारुकाचीसुद्धा.

संध्याकाळी मडकी आवरताना आचार्य जवळ आले.

"शोणदत्ता, आज मुलांच्या तोंडी एक चाल होती. तुझ्या कानावर आली?"

"नाही, आचार्य."

"बरं." आचार्यांनी एक मडके उचलून त्याच्या हाती दिले. "उद्या सकाळी मी राजाकडे जाणार आहे. मुद्रा थांबवायला सांगणार आहे. तोवर मी बागेतच आहे. कोणाला माझ्याशी काही बोलायचं असेल, तर बोलता येईल."

शोणदत्त बागेच्या कुंपणापर्यंत दोनदा गेला. आत आचार्य तुळशीच्या वाफ्यापाशी बसलेले दिसत होते. दोन्ही वेळा तो परत फिरला.

सकाळी दरबारात आचार्य म्हणाले, "महाराज, परीक्षा फुटली आहे. एकोणीस जणांपैकी कोणालाही आज मुद्रा देऊ नये. मी नवी मडकी मांडून पुन्हा परीक्षा घेतो. मला पंधरा दिवस हवेत."

राजा अस्वस्थ झाला. नदीकाठच्या गावांतून तापाच्या साथीच्या बातम्या रोज येत होत्या. वैद्य पाठवा म्हणून माणसे वेशीशी येऊन बसली होती.

अमात्य विद्रुम शांतपणे म्हणाला, "ताप पंधरा दिवस थांबेल का, महाराज? आणि आचार्यांकडे पुरावा काय आहे?"

"एका मुलाने झाकलेल्या मडक्यातली वस्तू ओळखली," आचार्य म्हणाले.

"वासावरून ओळखली असेल. शिकवणारे एवढे चांगले असतील तर का नाही ओळखणार? बरं, क्रम कोणी फोडला? नाव सांगावं."

"माझ्या मनात संशय आहे," आचार्य म्हणाले. "पण संशयावर मी कोणाचं नाव घेणार नाही. उद्या तो निर्दोष निघाला तर ते नाव मला परत घेता येणार नाही. दोषी शोधायला वेळ लागला तरी चालेल, महाराज. मुद्रा मात्र आज थांबली पाहिजे. एकदा ती गळ्यात पडली की लोक डोळे मिटून तोंड उघडतात."

राजाने सभेत नजर फिरवली. "उपाध्याय शोणदत्त, मडकी तुम्ही मांडलीत. परीक्षेत काही गैर झालं का?"

सगळी सभा त्याच्याकडे बघत होती. आचार्यही बघत होते, पण त्यांच्या नजरेत धाक नव्हता. उलट, पडणाऱ्या माणसाला हात द्यावा तसे ते बघत होते. शोणदत्ताला वाटले, आता बोलावे. त्याने तोंड उघडलेही.

"नाही, महाराज," तो म्हणाला. "काही गैर झालं नाही."

आचार्यांनी मान खाली घातली.

राजा म्हणाला, "मग आचार्य, आपण मुद्रा द्याव्यात."

"माझ्या हातून त्या दिल्या जाणार नाहीत."

"माझी आज्ञा आहे."

"आज्ञा मोडल्याची शिक्षा मी घेईन, महाराज. पण ज्याला औषध ओळखता येत नाही त्याला मी वैद्य म्हणणार नाही."

तेव्हा राजाने जड मनाने आचार्यांकडून शाळेचा शिक्का काढून घेतला. त्यांनी कोणालाही औषध देऊ नये असा हुकूम झाला. शिक्का शोणदत्ताच्या हाती आला. दोन वर्षे ज्या आसनाकडे तो आशेने बघत होता त्यावर बसून त्याने त्याच दुपारी एकोणीस मुद्रांवर शिक्का उठवला. साथ असलेल्या गावांची यादी समोर होती. राजाने कोणालाही सूट दिली नाही. अमात्याच्या मुलानेही जावे, म्हणजे लोकांना धीर येईल, असे तो म्हणाला, आणि भर सभेत अमात्याला नाही म्हणता आले नाही. चारुकाच्या वाट्याला वेतसग्राम आले.

आचार्य क्षेमंकर आपली काठी आणि एक उपरणे घेऊन शाळेतून बाहेर पडले. कुठे गेले ते कोणालाच कळले नाही.

त्या दिवसापासून शोणदत्ताच्या जिवाला चैन उरले नाही. वेशीवर घोडा थांबला की तो दाराशी जाऊन बघे. कोणी लगबगीने अंगणात आले की तो उभा राही. अकरा मुले आणि अकरा गावे. कोणाच्या झोळीत काय असेल, कोण कशाला काय समजून उगाळत असेल, हेच डोळ्यांपुढे येई. वर्गात शिकवताना तो मध्येच थांबे. जेवायला बसला की घास हुंगून बघे आणि मग लक्षात येऊन ताट बाजूला सारी. लोक आदराने वाकून नमस्कार करीत, आणि प्रत्येक नमस्काराला तो दचके. सुलसा सगळे बघत होती.

"आसन मिळालं," ती एकदा म्हणाली, "आणि तुम्ही आजारी पडल्यासारखे दिसता. काय झालंय?"

"कामाचा भार आहे."

"भार याआधीही होता."

त्याने पोथी पुढे ओढली. तिनेही पुन्हा विचारले नाही.

नवव्या दिवशी सकाळी वेतसग्रामाचा एक नावाडी आला. त्याने कमरेची पुरचुंडी सोडून शोणदत्तापुढे ठेवली. केळीच्या पानात दोन मुळ्या गुंडाळलेल्या होत्या.

"धाकट्या वैद्यांनी दिल्यात," नावाडी म्हणाला. "म्हणाले, आचार्यांना एवढंच विचार, यातली सातवी कोणती?"

शोणदत्ताने मुळ्या उचलल्या. एक त्याने मोडली. आतून पांढरी, पिठूळ, कडू वासाची. ते अतिविष होते. तापावर, विशेषतः मुलांच्या तापावर, त्याच्यासारखे औषध नाही. दुसरी जराशी मोठी, आतून तपकिरी. ती त्याने जिभेला लावली नाही. तो बचनाग होता. शुद्ध न करता पोटात गेला तर माणूस घटकाभरही टिकत नाही. वाळल्यावर दोन्ही मुळ्या वरवर सारख्याच दिसतात, म्हणूनच आचार्यांनी अतिविष परीक्षेत ठेवले होते.

"गावात कसं आहे?" त्याने विचारले.

"एक कोष्टी गेला. तीन दिवस वैद्य नुसतं गरम पाणी देत होते. म्हणायचे, औषधाची वेळ अजून आली नाही. आता लोक चिडलेत. पाटील म्हणाले, औषध द्या, नाहीतर राजाला कळवतो. मी निघालो तेव्हा झोळी उपसून बसले होते."

"तू कधी निघालास?"

"परवा संध्याकाळी."

नावाड्याला पाणी द्यायला आलेली सुलसा दारातच थांबली होती. तिने मुळ्यांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. वैद्याच्या घरात इतकी वर्षे काढलेली बाई होती ती.

"सातवी म्हणजे काय?" तिने विचारले.

शोणदत्ताने तिला सांगितले. अमात्याचा खांदा, बागेतले फिरणे, सभेतले उत्तर, सगळे सांगितले. शेवटी तो म्हणाला, "मी गेलो आणि बोललो, तर सगळं संपलं. आपण रस्त्यावर येऊ. न गेलो तर..."

"तर इथे का बसला आहात?" सुलसा म्हणाली. "रस्त्यावर येऊ तेव्हा बघू. उठा."

तो त्याच नावेतून निघाला. प्रवाह अनुकूल होता आणि नावाडी बळकट होता, तरी शोणदत्ताला वाटत होते की काठ हलतच नाहीत. तो मनात हिशेब मांडी. चारुक घाबरट आहे, तो निरोपाची वाट बघेल. लगेच दुसरा विचार येई, घाबरलेला माणूसच काहीतरी करून मोकळा होतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक नावेला तो ओरडून विचारी, "वेतसग्रामाची काय खबर?" कोणी म्हणे, ठाऊक नाही. एकाने नुसताच हात हलवला, आणि त्याचा अर्थ काय, हा विचार पुढचे कोसभर त्याला कुरतडत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर नाव वेतसग्रामाला लागली. गावाच्या मध्यावर चिंचेखाली माणसे जमली होती. शोणदत्त धापा टाकीत गर्दीपाशी पोहोचला आणि जागच्या जागी थबकला.

खाटेवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी तापाने फणफणत पडली होती. तिची आई उशाशी बसली होती. शेजारी चारुक उभा होता. त्याच्या गळ्यात तांब्याची मुद्रा होती आणि हातात उगाळलेल्या औषधाची वाटी होती. त्याच्यासमोर, आईच्या आणि वाटीच्या मध्ये, आचार्य क्षेमंकर उभे होते.

शाळा सोडल्यावर ते एकेका गावी पायी जात होते. औषध देण्याची त्यांना बंदी होती, म्हणून ते कुठेच औषध देत नव्हते. ते फक्त नव्या वैद्यांच्या दाराशी बसत आणि झोळीतल्या मुळ्या त्यांच्याबरोबर पुन्हा पुन्हा निवडून घेत. वाटेवरच्या सात गावांत असे करून ते त्याच सकाळी वेतसग्रामात आले होते, आणि आल्या आल्या त्यांनी वाटीतला थेंब जिभेला लावून पाहिला होता.

"बाई, हा बचनाग आहे," ते मुलीच्या आईला सांगत होते. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश येत होते. "हे तिला देऊ नकोस."

"ऐकू नका त्याचं!" गावचा पाटील म्हणाला. "हा राजाने काढून टाकलेला म्हातारा. याच्याकडे मुद्रा नाही. पोरांचं नाव झालेलं याला बघवत नाही. वैद्य, तुम्ही द्या."

चारुकाचे ओठ हलत होते. तो ती चाल मनातल्या मनात म्हणत होता. "अतिविषच आहे," तो पुटपुटला. "असायला पाहिजे."

आई एकदा मुद्रेकडे बघत होती, एकदा म्हाताऱ्याकडे. मग तिने हुंदका देऊन वाटीकडे हात केला.

तेव्हा आचार्यांनी ती वाटी चारुकाच्या हातातून अलगद काढून घेतली. "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा असं माझ्याकडे काही उरलेलं नाही," ते म्हणाले. "मग असं करू. मुलीच्या आधी मी पितो. ही सावली त्या दगडापर्यंत सरकेल तोवर थांबा. मी उभा असलो, तर तिला द्या."

आचार्यांनी वाटी तोंडाकडे नेली.

शोणदत्त माणसांच्या मागे उभा होता. त्याला अजून कोणी पाहिले नव्हते. तो काही बोलला नसता, तर त्या वाटीबरोबर त्याच्याविरुद्ध तोंड उघडू शकेल असा एकमेव माणूस नाहीसा झाला असता, मुलगीही वाचली असती आणि आसन त्याचेच राहिले असते. हा विचार त्याच्या मनात आला. आल्याचे त्याला कळलेही. स्वतःच्या मनात असा विचार येऊ शकतो, या भीतीपुढे बाकीच्या सगळ्या भीती त्याला लहान वाटल्या.

"आचार्य, थांबा!"

तो माणसांना ढकलीत पुढे आला आणि त्याने वाटीवर झडप घातली. औषध मातीत सांडले.

"हे विष आहे," तो ओरडला. "मी शोणदत्त, वैद्यशाळेचा आचार्य. याच्या मुद्रेवर शिक्का मी उठवला आहे. याला औषधं ओळखता येत नाहीत. मडक्यांचा क्रम मी याला आधी सांगितला होता. राजाने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ज्यांना तुम्ही म्हातारा म्हणता ते खरं बोलत होते. त्या दिवशीही आणि आजही."

चारुक मटकन खाली बसला. त्याने गळ्यातली मुद्रा काढली आणि लहान मुलासारखा रडू लागला. "मी विचारून पाठवलं होतं," तो म्हणत होता, "मी विचारून पाठवलं होतं हो."

पाटील दोन पावले मागे सरकला. मुलीची आई मात्र उठली. तिने शोणदत्ताच्या तोंडावर एक चपराक मारली, आणि मग आचार्यांसमोर हात जोडून म्हणाली, "बाबा, माझ्या पोरीला बघा."

"मला औषध द्यायला बंदी आहे," आचार्य म्हणाले. "शोणदत्ता, तुझी बोटं माझ्याहून चांगली आहेत. झोळी उघड. चारुका, तूही इकडे ये. डोळे पूस आणि नीट बघ. मोडल्यावर पांढरी दिसते ती ही."

तिघे चिंचेखाली बसले. शोणदत्ताने अतिविष निवडले, उगाळले आणि मधातून मुलीला दिले. दिवस कलताना तिला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. मेलेल्या कोष्ट्याच्या घरी शोणदत्त रोज जाऊन बसे. कोष्ट्याची बायको त्याच्याशी बोलत नसे, आणि तोही क्षमा मागत नसे. काय मागावे ते त्याला कळत नव्हते.

साथ ओसरल्यावर शोणदत्त आपणहून राजापुढे उभा राहिला आणि सभेत घडले ते सगळे सांगितले. राजाने विद्रुमाला अमात्यपदावरून दूर केले. अकराही मुद्रा परत घेतल्या. चारुक पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलांत जाऊन बसला, आणि या वेळी रानात जाताना त्याचे डोके दुखले नाही. शोणदत्ताला राजाने हद्दपारीची शिक्षा सांगितली.

आचार्य क्षेमंकर म्हणाले, "महाराज, हा अपराधी आहे. याने पुन्हा कधी परीक्षा घेऊ नये, आसनावर बसू नये. पण याला हाकलून दिलंत तर उद्या अशी चूक केलेला दुसरा कोणी तोंड उघडणार नाही. तो लपेल, आणि लपलेल्याची किंमत रोगी देतील. याला शाळेत राहू द्या. मुळ्या निवडायला."

राजा म्हणाला, "आचार्य, आपल्याला मी विनाकारण शिक्षा केली."

"माझीही चूक आहे. परीक्षेच्या दिवशीच मला कळलं होतं. तेव्हाच मडकी उलथायला हवी होती. मी सकाळपर्यंत थांबलो, आणि तेवढ्यात अमात्यांनी आपलं मन वळवलं."

राजाने त्यांचे म्हणणे मानले आणि शाळेचा शिक्का त्यांना परत दिला. शोणदत्त शाळेत राहिला. बाहेर गावी जाणारी प्रत्येक झोळी मरेपर्यंत त्याच्या हाताखालून गेली, आणि ती बांधण्याआधी तो प्रत्येक मुळी मोडून बघत असे. सुलसा कधी कधी त्याच्याजवळ बसून निवडू लागे.

ही कथा तथागतांनी जेतवनात सांगितली. एका वृद्ध भिक्षूने आपल्या आवडत्या शिष्याला पाठ येत नसतानाही येतो अशी संघापुढे ग्वाही दिली होती, आणि पुढे पश्चात्ताप होऊन ते भर संघात कबूल केले होते. बाकीचे भिक्षू त्याच्याशी बोलेनासे झाले होते. कथा संपल्यावर तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा शोणदत्त म्हणजे मान खाली घालून बसलेला हा तुमचा बंधू. चारुक म्हणजे याचा शिष्य. सुलसा आज श्रावस्तीत उपासिका आहे. संघापुढे जाऊन खरे सांगा, असे याला तिनेच सुचवले. राजा पुष्यमान म्हणजे आनंद. आणि आचार्य क्षेमंकर मीच होतो."

"आणि अमात्य विद्रुम, भगवन्?" एका तरुण भिक्षूने विचारले.

ज्याचे त्यानेच कबूल करावे म्हणून तथागतांनी ते नाव घेतले नाही. मग पुढच्या ओळीतला एक भिक्षू उठला, त्या वृद्धाजवळ जाऊन बसला आणि त्याने आपल्या पात्रातले पाणी त्याच्यापुढे केले.

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, आचरली: स्वतःचे पद आणि प्राण गेले तरी खोट्यावर शिक्का न उठवणे, आणि खोटे बोललेल्यालाही खरे बोलायला वाव ठेवणे.